फास्ट (शब्द)

फास्ट हा मूळचा इंग्रजी भाषेतील दैनंदिन वापराचा शब्द आहे. इंग्रजीत तो विशेषण, क्रियाविशेषण, क्रियापद आणि नाम अशा चार शब्दजातींत एकाच मूळ रूपाने येतो. मराठीत, विशेषतः मुंबई व तिच्या उपनगरांतील बोलण्यात, हा शब्द चांगलाच रुळला असून तेथे तो विशेषण, क्रियाविशेषण आणि दोन भिन्न लिंगांची दोन नामे म्हणून आढळतो. ‘जलद लोकल गाडी’ या अर्थी तो स्त्रीलिंगी, तर ‘उपवास’ या अर्थी पुल्लिंगी आहे. शब्दाची जात शब्दाला जन्मतः चिकटलेली नसते, ती वाक्यातील कार्यावरून ठरते, या व्याकरणतत्त्वाचे हा शब्द एक सुबोध उदाहरण आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थविस्तार

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘घट्ट’, ‘पक्का’, ‘न हलणारा’ असा होता. जर्मन भाषेतील ‘फेस्ट’ (पक्का, घट्ट) हा त्याचा सगोत्र शब्द होय. आजच्या इंग्रजीतही हा जुना अर्थ पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. न उतरणाऱ्या रंगाला ‘फास्ट कलर’ म्हणतात, घट्ट धरून ठेवण्याला ‘होल्ड फास्ट’ म्हणतात आणि विमानात पट्टा बांधण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सूचनेतील ‘फासन’ हे क्रियापदही याच शब्दापासून बनले आहे.

‘न हलणारा’ या अर्थाच्या शब्दाला ‘वेगाने हलणारा’ हा अगदी विरुद्ध अर्थ कसा प्राप्त झाला, हे पाहण्यासारखे आहे. हा बदल प्रथम क्रियाविशेषणात घडला. ‘घट्टपणे’ या अर्थापासून ‘नेटाने’, ‘जोर लावून’ हा अर्थ आला; नेटाने धावणारा माणूस साहजिकच वेगाने धावतो, म्हणून पुढे ‘वेगाने’ हा अर्थ रूढ झाला. त्यानंतर क्रियाविशेषणाचा हा अर्थ विशेषणाकडे गेला आणि वेगवान वस्तूलाही हाच शब्द लावला जाऊ लागला. मराठीतही असाच अर्थबदल दिसतो. ‘जोर’ हा शब्द बळाचा वाचक आहे, वेगाचा नव्हे; तरीही ‘जोरात पळ’ या वाक्यात ‘जोरात’ म्हणजे ‘वेगाने’ असाच अर्थ घेतला जातो.

‘उपवास’ हा अर्थही त्याच मुळातून आला आहे. घट्ट धरून ठेवणे, नियम कसोशीने पाळणे, आणि त्यातून अन्नत्यागाचा नियम पाळणे, असा त्याचा प्रवास आहे. मराठीतील वाक्प्रचारांत हीच कल्पना स्वतंत्रपणे आढळते. मराठी माणूस उपवास ‘धरतो’, व्रत ‘धरतो’, मौन ‘धरतो’ आणि नियमाची मुदत संपली की उपवास ‘सोडतो’. इंग्रजीत मात्र उपवास ‘मोडण्याची’ कल्पना आहे. रात्रभराचा उपवास मोडणारे खाणे म्हणून सकाळच्या न्याहारीला ‘ब्रेकफास्ट’ म्हणतात.

इंग्रजीतील चार शब्दजाती

इंग्रजीत या शब्दाचा वापर पुढीलप्रमाणे होतो.

- विशेषण: ‘अ फास्ट ट्रेन’ या शब्दसमूहात तो ‘ट्रेन’ या नामाविषयी अधिक माहिती देतो.
- क्रियाविशेषण: ‘द ट्रेन रन्स फास्ट’ या वाक्यात तो धावण्याच्या क्रियेची रीत सांगतो.
- क्रियापद: ‘शी फास्ट्स ऑन मंडेज’ या वाक्यात तो स्वतःच क्रिया दाखवतो. अर्थ: ती सोमवारी उपवास करते.
- नाम: ‘शी ब्रोक हर फास्ट’ या वाक्यात तो एका गोष्टीचे नाव म्हणून कर्माच्या जागी येतो. अर्थ: तिने उपवास सोडला.

येथे शब्दाची जात ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याची वाक्यातील जागा. नामाच्या आधी आल्यास विशेषण, क्रियापदानंतर रीत सांगण्यासाठी आल्यास क्रियाविशेषण, कर्त्यानंतर काळाचे प्रत्यय घेऊन आल्यास क्रियापद आणि ‘अ’, ‘द’, ‘हर’ यांसारख्या निर्धारक शब्दांनंतर एकटाच आल्यास नाम, असे स्थूलमानाने म्हणता येते.

दुसरी खूण प्रत्ययांची आहे. क्रियापद असताना ‘फास्टेड’, ‘फास्टिंग’ ही रूपे होतात. नाम असताना ‘फास्ट्स’ हे अनेकवचन होते. विशेषण व क्रियाविशेषण असताना तुलनेसाठी ‘फास्टर’ व ‘फास्टेस्ट’ ही रूपे होतात. उपवासाच्या अर्थी ‘फास्टर’ असे तुलनेचे रूप होत नाही आणि वेगाच्या अर्थी ‘फास्टेड’ असे भूतकाळाचे रूप होत नाही.

रूप एकच असण्याचे कारण

ही चारही रूपे आरंभापासून एकसारखी नव्हती. प्राचीन इंग्रजीत विशेषणाच्या मूळ रूपाला प्रत्यय नव्हता, क्रियाविशेषणाच्या अंती ‘ए’ हा स्वर येत असे आणि क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘अन’ हा प्रत्यय लागत असे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात शब्दांच्या अंती असलेले हे स्वर व प्रत्यय झिजून गेले. शेपट्या गळून पडल्यावर उरलेले धड सारखेच दिसू लागले. ‘लव्ह’, ‘स्लीप’, ‘हार्ड’ इत्यादी असंख्य शब्दांच्या बाबतीत असेच घडले. एकदा असे अनेक शब्द झाल्यावर एका जातीतील शब्द कोणताही प्रत्यय न लावता दुसऱ्या जातीत वापरण्याची सवयच इंग्रजीला जडली. भाषाशास्त्रात या प्रक्रियेला शून्यप्रत्ययी साधन किंवा शब्दजातिपरिवर्तन म्हणता येते.

इंग्रजीतील बहुसंख्य रीतिवाचक क्रियाविशेषणे ‘ली’ हा प्रत्यय लागून होतात. उदाहरणार्थ, ‘स्लोली’, ‘क्विकली’. ‘फास्ट’ मात्र प्रत्ययाविनाच क्रियाविशेषण होतो. ‘स्लोली’च्या धर्तीवर विद्यार्थी पुष्कळदा ‘फास्टली’ असे रूप लिहितात. आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चूक मानले जाते.

मराठी व्याकरणातील शब्दजाती

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी शालेय व्याकरणात आज शिकवल्या जाणाऱ्या नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ शब्दजातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झालेली आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात शब्दजातींची सविस्तर चर्चा आली आहे. संस्कृत परंपरेतील विभागणी वेगळी आहे. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग मानले, तर पाणिनीने अंती लागणाऱ्या प्रत्ययांवरून पदाचे सुबन्त आणि तिङन्त असे दोन प्रकार केले.

मराठीतही एक शब्द अनेक जातींत वावरतो. ‘शहाणा मुलगा’ येथे ‘शहाणा’ विशेषण आहे, तर ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत त्याला विभक्तिप्रत्यय लागून तो नाम झाला आहे. ‘वर’ हा शब्द ‘पतंग वर गेला’ येथे क्रियाविशेषण, ‘झाडावर’ येथे शब्दयोगी अव्यय आणि ‘वर मंडपात आला’ येथे नाम आहे. मात्र इंग्रजीत जे काम प्रामुख्याने शब्दक्रम करतो, ते मराठीत लिंग, वचन, विभक्ती आणि क्रियापदाची कर्त्याशी किंवा कर्माशी असलेली जुळणी यांच्याकडे असते. त्यामुळे परभाषेतून आलेला शब्द मराठी वाक्यात बसला की त्याची जात मराठीच्या खुणांनी ओळखावी लागते, मूळ भाषेच्या नव्हे.

मुंबई उपनगरी रेल्वेतील वापर

पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे याच मार्गावर आहेत. अंधेरी व बोरिवली ही पश्चिम रेल्वेवरील मोठी स्थानके होत. या दोन्ही मार्गांवर उपनगरी गाड्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी ‘स्लो’ आणि काही स्थानके वगळून जाणारी गाडी ‘फास्ट’ म्हणून ओळखली जाते. स्थानकावरील दर्शकफलकावर ‘एस’ व ‘एफ’ या अक्षरांनी हा भेद दाखवला जातो, तर मराठी उद्घोषणांत ‘धिमी’ व ‘जलद’ हे शब्द येतात.

अंधेरीहून बोरिवलीपर्यंत सरळ धावणारी फास्ट जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड आणि कांदिवली ही स्थानके सोडून जाते. काही गाड्या अंधेरीपर्यंत फास्ट असतात आणि तेथून पुढे स्लो होतात. मध्य रेल्वेवर घाटकोपर हा फास्ट गाड्यांचा थांबा आहे. मुलुंडला मात्र काही फास्ट गाड्याच थांबतात. त्यामुळे ‘ही फास्ट मुलुंडला थांबते का?’ हा प्रश्न तेथील प्रवाशाला रोजचाच असतो.

विशेषणापासून नामापर्यंत

‘फास्ट लोकल’ या शब्दसमूहात ‘फास्ट’ हे विशेषण आहे. पुढे ‘लोकल’ हा शब्द गाळला जाऊ लागला आणि विशेषणालाच नामाची जागा मिळाली. ‘बोरिवली फास्ट’, ‘८.१२ ची फास्ट’, ‘पुढची फास्ट’ या प्रयोगांत ‘फास्ट’ हे नाम आहे. ‘लोकल’ शब्दाचा इतिहासही असाच आहे. इंग्रजीतील ‘लोकल ट्रेन’मधील विशेषण मराठीत ‘लोकल’ हे स्त्रीलिंगी नाम होऊन बसले आणि त्या नामाच्या विशेषणाने पुढे स्वतःच नामत्व मिळवले.

नाम झाल्यावर ‘फास्ट’ला मराठीच्या नियमांनुसार लिंग मिळाले. ‘गाडी’ व ‘लोकल’ हे शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘फास्ट’ही स्त्रीलिंगी झाली. ‘फास्ट गेली’, ‘माझी फास्ट चुकली’, ‘स्लोपेक्षा फास्ट बरी’ या वाक्यांत ते दिसते. अनेकवचनात शब्दाचे रूप बदलत नाही. ‘सकाळच्या सगळ्या फास्ट भरून येतात’ या वाक्यात ‘सकाळच्या’, ‘सगळ्या’ व ‘येतात’ या शब्दांवरून अनेकवचन कळते. ‘फास्टने’, ‘फास्टला’, ‘फास्टचा’, ‘फास्टमध्ये’ अशी रूपे होतात. ‘भिंत’चे ‘भिंतीला’ किंवा ‘वीट’चे ‘विटेने’ होताना जसे सामान्यरूप होते, तसे ‘फास्ट’चे होत नाही. ‘बस’, ‘लोकल’ या शब्दांप्रमाणेच तो प्रत्यय थेट स्वीकारतो. म्हणजे या शब्दाने मराठीचे लिंग व प्रत्यय घेतले, पण सामान्यरूप घेतलेले नाही.

‘फास्ट जा’ आणि ‘फास्टने जा’

‘अंधेरीला फास्ट जा’ आणि ‘अंधेरीला फास्टने जा’ या दोन वाक्यांत ‘ने’ या एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्या वाक्यातील ‘फास्ट’ हे रीतिवाचक क्रियाविशेषण आहे. रिक्षाचालकालाही असे सांगता येते. दुसऱ्या वाक्यातील ‘फास्ट’ हे तृतीया विभक्तीतील नाम असून तेथे विशिष्ट प्रकारच्या गाडीचीच निवड सांगितली आहे. इंग्रजीत असा भेद करण्यासाठी निर्धारक शब्द किंवा वेगळी वाक्यरचना लागते, मराठीत तो केवळ प्रत्ययाने साधतो.

क्रियाविशेषणाची आणखी एक मराठी खूण म्हणजे द्विरुक्ती. ‘हळूहळू’, ‘लवकर लवकर’ यांप्रमाणे ‘फास्ट फास्ट चल’ असे म्हटले जाते. गाडीचे नाम असलेल्या ‘फास्ट’ची अशी द्विरुक्ती होत नाही.

नाम झाल्यावर शब्दाच्या अर्थातही बदल झाला. गाडीचे नाव म्हणून ‘फास्ट’ हा शब्द गाडीचा त्या क्षणीचा वेग सांगत नाही, ती कोणती स्थानके वगळते हे सांगतो. सिग्नलला खोळंबलेली फास्टही फास्टच राहते. म्हणून ‘आज फास्ट फारच स्लो चालली आहे’ या वाक्यात कोणत्याही मुंबईकराला विसंगती वाटत नाही. त्यातील ‘फास्ट’ नाम आणि ‘स्लो’ क्रियाविशेषण आहे.

‘उपवास’ या अर्थी वापर

इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाबरोबर ‘उपवास’ या अर्थाचा ‘फास्ट’ही शहरी मराठी बोलण्यात आला. ‘आज माझा फास्ट आहे’ हे वाक्य संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवारी अनेक घरांत ऐकू येते. येथे ‘उपवास’ या मराठी शब्दाचे पुल्लिंग ‘फास्ट’ने उचलले आहे. म्हणजे परभाषेतील शब्दाला लिंग देताना मराठी भाषा बहुधा ज्या देशी शब्दाच्या जागी तो येतो, त्याचे लिंग देते.

यामुळे मराठीत एकाच उच्चाराची दोन नामे झाली असून त्यांतील भेद केवळ लिंगावरून कळतो. ‘फास्ट सुटली’ म्हणजे गाडी फलाटावरून निघाली. ‘फास्ट सुटला’ म्हणजे उपवासाची सांगता झाली. ‘गाडी सुटणे’ आणि ‘उपवास सुटणे’ हे दोन्ही मराठीचे स्वतःचे वाक्प्रचार असल्याने क्रियापदही एकच आहे. ही दोन वाक्ये केवळ इंग्रजी कोशाच्या आधाराने उलगडणार नाहीत, कारण इंग्रजीत नामांना असे व्याकरणिक लिंग नाही. रेल्वेशी संबंधित ‘पॅसेंजर’ हा शब्दही असाच आहे. ‘पॅसेंजर गेला’ म्हणजे प्रवासी गेला आणि ‘पॅसेंजर गेली’ म्हणजे त्या नावाची गाडी गेली.

इंग्रजीत धार्मिक उपवास आणि निषेधासाठी केलेला अन्नत्याग या दोहोंसाठी ‘फास्ट’ हा शब्द चालतो. मराठीत मात्र पहिल्यासाठी ‘उपवास’ आणि दुसऱ्यासाठी ‘उपोषण’ असा भेद रूढ आहे. महात्मा गांधींनी २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा कारागृहात आरंभलेल्या अन्नत्यागाला किंवा पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये केलेल्या अन्नत्यागाला मराठीत ‘उपोषण’ म्हणतात. मुंबईच्या बोलीतला ‘माझा फास्ट’ मात्र घरगुती उपवासापुरताच आहे. उपोषणाला बसलेल्या कार्यकर्त्याविषयी ‘त्याचा फास्ट आहे’ असे सहसा म्हटले जात नाही.

क्रियापद म्हणून मर्यादा

इंग्रजीतील ‘फास्ट’ हे क्रियापद मराठीत क्रियापद म्हणून आलेले नाही. मराठीत परभाषेतील शब्दाला सहसा थेट काळाचे प्रत्यय लागत नाहीत. त्याला ‘करणे’, ‘होणे’, ‘मारणे’ यांसारख्या क्रियापदांचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे ‘ती फास्टते’ असे रूप होत नाही, ‘ती फास्ट करते’ असे होते.

‘करणे’ हे क्रियापद ‘फास्ट’च्या इतर जातींबरोबरही येते. पुढील तीन वाक्यांत शब्दक्रम जवळजवळ सारखाच असूनही ‘फास्ट’ची जात निरनिराळी आहे.

- ‘तिने गाडी फास्ट केली.’ गाडीचा वेग वाढवला, असा अर्थ. ‘फास्ट’ हे गाडीविषयीचे विधिविशेषण. क्रियापद ‘गाडी’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी.
- ‘तिने काम फास्ट केले.’ भराभर काम उरकले, असा अर्थ. ‘फास्ट’ हे क्रियाविशेषण. क्रियापद ‘काम’ या कर्माप्रमाणे नपुंसकलिंगी.
- ‘तिने फास्ट केला.’ उपवास केला, असा अर्थ. ‘फास्ट’ हे नाम व कर्म. क्रियापद त्याच्याप्रमाणेच पुल्लिंगी.

ही तिन्ही वाक्ये कर्मणी प्रयोगातील आहेत. या प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. म्हणून क्रियापद कोणाशी जुळते आहे हे पाहिले, तर ‘फास्ट’ कर्म आहे की नाही, हे ठरवता येते.

‘जलद’ या शब्दाशी तुलना

रेल्वेच्या मराठी उद्घोषणेत ‘फास्ट’च्या जागी येणारा ‘जलद’ हा शब्दही अभ्यासण्याजोगा आहे. ‘जलद गाडी’ येथे तो विशेषण आणि ‘गाडी जलद धावते’ येथे क्रियाविशेषण आहे. रूप दोन्हीकडे सारखेच. लिंगवचनाप्रमाणे तो बदलत नाही. याउलट ‘धिमी’ हा शब्द विकारी आहे. म्हणूनच रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातम्यांत माटुंगा ते मुलुंडदरम्यानच्या कामाविषयी लिहिताना ‘जलद मार्गावर’ असे न बदलता, पण ‘धिम्या मार्गावर’ असे बदलून लिहिले जाते.

‘जलद’चा नाम म्हणूनही वापर आहे, पण त्या वेळी त्याचा अर्थ ‘ढग’ असा होतो. वेगाचा वाचक ‘जलद’ हा अरबी-फारसीतून आलेल्या ‘जल्द’ या शब्दाचे मराठी रूप आहे, तर ढगाचा वाचक ‘जलद’ हा ‘जल देणारा’ या अर्थाचा संस्कृत शब्द आहे. ‘फास्ट’ आणि ‘जलद’ यांतील महत्त्वाचा भेद येथे स्पष्ट होतो. ‘फास्ट’चे वेग आणि उपवास हे दोन अर्थ एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्या आहेत; ‘जलद’चे दोन अर्थ म्हणजे योगायोगाने एकाच रूपात भेटलेले दोन स्वतंत्र शब्द आहेत. वरवर सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा उगम तपासल्याशिवाय ते एक की दोन, हे सांगता येत नाही.

भाषांतर आणि अध्यापन

शाळेत इंग्रजी शब्दाला एक मराठी प्रतिशब्द पाठ करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ‘फास्ट म्हणजे जलद’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ‘द चाइल्ड इज फास्ट अस्लीप’ या वाक्यापाशी अडतो, कारण ‘मूल जलद झोपले आहे’ या भाषांतराला अर्थ राहत नाही. येथे ‘फास्ट’ क्रियाविशेषण असून त्याचा मूळचा ‘पक्का’ हा अर्थ कायम आहे. म्हणून ‘मूल गाढ झोपले आहे’ हे योग्य भाषांतर होय. अशी आणखी काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत.

- ‘फास्ट कलर’: पक्का रंग
- ‘फास्ट फ्रेंड्स’: जिवलग मित्र
- ‘होल्ड फास्ट’: घट्ट धरून ठेव
- ‘स्टँड फास्ट’: ठाम राहा, मागे हटू नकोस
- ‘फास्ट अनटू डेथ’: आमरण किंवा प्राणांतिक उपोषण
- ‘द क्लॉक इज फास्ट’: घड्याळ पुढे आहे

शेवटच्या उदाहरणात ‘फास्ट’ विशेषण आहे, तर मराठी भाषांतरातील ‘पुढे’ क्रियाविशेषण आहे. म्हणजे भाषांतर करताना अर्थ टिकतो, शब्दजात टिकेलच असे नाही. त्यामुळे इंग्रजी शब्दाची जात त्याच्या मराठी प्रतिशब्दाच्या जातीवरून ठरवणे धोक्याचे ठरते. शब्द कोणत्या शब्दाविषयी माहिती देतो, त्याला कोणते प्रत्यय लागले आहेत आणि त्याच्या जागी निश्चित जातीचा दुसरा कोणता शब्द बसतो, हे तीन प्रश्न विचारल्यास जात सहसा कळते. ‘गाडी फास्ट केली’ या वाक्यात ‘फास्ट’च्या जागी ‘मोठी’ हा शब्द चालतो, म्हणून ते विशेषण. ‘काम फास्ट केले’ येथे ‘भराभर’ चालतो, म्हणून ते क्रियाविशेषण. ‘फास्ट केला’ येथे ‘उपवास’ चालतो, म्हणून ते नाम.

मराठी पर्याय आणि अर्थच्छटा

लिखित व शासकीय मराठीत वेगवाचक ‘फास्ट’साठी निरनिराळे शब्द रूढ आहेत. अंधेरी व बोरिवलीवरून जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि घाटकोपर व मुलुंडवरून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या नावांत इंग्रजी ‘एक्सप्रेस’साठी ‘द्रुतगती’ आहे. ‘फास्ट ट्रॅक कोर्ट’ला ‘जलदगती न्यायालय’ आणि ‘फास्ट बोलर’ला ‘वेगवान गोलंदाज’ म्हणतात.

गाडीचे नाव म्हणून ‘फास्ट’ या शब्दाने कोणत्याही मराठी शब्दाला हटवलेले नाही. ज्या गोष्टीला पूर्वी नाव नव्हते, तिला ते मिळाले आहे. क्रियाविशेषण म्हणून होणाऱ्या वापराची बाब वेगळी आहे. मराठीत वेग दाखवणारी क्रियाविशेषणे क्रियेनुसार बदलतात. माणूस झपझप चालतो, भराभर लिहितो, पटापट जेवतो, चटकन उठतो, लगबगीने निघतो. वारा सुटल्यासारखे धावणारे वाहन सुसाट जाते. ‘झपझप’मध्ये पावलांची लय आहे, ‘पटापट’मध्ये एकामागून एक घडणाऱ्या कृती आहेत, ‘लगबगी’त मनाची उत्सुकता आहे आणि ‘चटकन’मध्ये एकदाच घडणारी क्षणाची कृती आहे. या सर्वांच्या जागी ‘फास्ट’ योजल्यास वेग कळतो, पण वेगाची जात कळत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘फास्ट’ मराठीत नीट नांदतो. लिंग, विभक्ती, द्विरुक्ती आणि क्रियापदाशी होणारी जुळणी यांबाबत तो मराठीचेच नियम पाळतो. त्याच्या वापराने होणारा तोटा शब्दसंपत्तीचा आहे, रचनेचा नव्हे. मातृभाषा मराठी असूनही ज्या मुलांचे शिक्षण इंग्रजीत होते, त्यांना ‘फास्ट’च्या चारही इंग्रजी जाती शिकवल्या जातात, ‘झपझप’ आणि ‘भराभर’ यांतील भेद मात्र घरातील व परिसरातील बोलण्यातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो.